जुन्या घरांतील विद्युत सुरक्षा

जुन्या घरांतील विद्युत सुरक्षा या विषयात कित्येक दशकांपूर्वी घातलेल्या तारा, स्विचबोर्ड, वितळतारा व भूसंपर्कन यांच्यामुळे निवासी इमारतींत उद्भवणारे धोके आणि त्यांवरील उपाय यांचा विचार केला जातो. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः मुंबईतील चाळी व उपकरप्राप्त इमारती, पुणे-नाशिक-सातारा यांसारख्या शहरांतील वाडे, कोकणातील कौलारू घरे आणि १९८०पूर्वी उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती यांत आढळतो. तारा जुन्या झाल्या हे या धोक्याचे एकमेव कारण नव्हे. दोन दिवे आणि एक पंखा यांसाठी घातलेल्या तारांवर आज गिझर व वातानुकूलन यंत्र चालते, आणि घरातील संरक्षक साधन तारेचे रक्षण करते, माणसाचे करत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे बहुतेक अपघात घडतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार अलीकडच्या काळात भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. यात शेतावरील व रस्त्यावरील अपघातही मोजलेले असतात.

पार्श्वभूमी

मुंबईत विजेचे दिवे प्रथम १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये लागले. घरोघरी वीज पोहोचू लागली ती पुढे, १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीच्या काळात. हीच कंपनी आजच्या बेस्ट उपक्रमाची पूर्वज होय. टाटांचा खोपोली येथील जलविद्युत प्रकल्प १९१५ मध्ये सुरू झाल्यावर शहराच्या पुरवठ्यात मोठी वाढ झाली. गिरगाव, काळबादेवी, परळ, लालबाग या भागांतील अनेक इमारतींचे बांधकाम आधीचे आणि वीज नंतरची असा क्रम आहे. त्यामुळे तेथे तारा भिंतीच्या आत नसून भिंतीवरून, तुळईच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून गेलेल्या दिसतात. पुण्याच्या वाड्यांत त्या कडीपाटाला समांतर धावतात आणि माळ्यावर एकदा शिरल्या की पुन्हा कोठे बाहेर पडतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नाही.

ज्या काळात ही जोडणी झाली त्या काळी चाळीतील एका खोलीचा भार फार तर २५० वॅट असे. म्हणजे ६० वॅटचे दोन दिवे, एक छताचा पंखा आणि एक रेडिओ. २३० व्होल्ट दाबावर एवढ्या भाराला जेमतेम १ अँपिअर प्रवाह लागतो. दिव्यांपुरतीच वीज घेतलेल्या घरांत दोन पिनांचे सॉकेट पुरेसे मानले जाई आणि तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या तारेची गरज कोणाला भासत नसे.

तारांचे प्रकार

महाराष्ट्रातील जुन्या घरांत साधारणतः चार पिढ्यांच्या तारा सापडतात, आणि एकाच घरात चारही सापडणे मुळीच दुर्मिळ नाही. सर्वांत जुन्या तारा व्हल्कनीकृत रबर व त्यावर सुती विणीचे आवरण असलेल्या आहेत. त्या लाकडी केसिंग-कॅपिंगमध्ये, म्हणजे खाचा पाडलेल्या पट्टीत ठेवून वरून झाकणपट्टी ठोकलेली असे. त्यानंतर जाड रबरी आवरणाच्या तारा सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवण्याची पद्धत आली. जुने वायरमन हिला बॅटनपट्टीचे काम म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीव्हीसी आवरणाच्या तारा व भिंतीतील नळ्या रूढ झाल्या. तांब्याची टंचाई असताना ॲल्युमिनियमच्या तारांचाही बराच प्रसार झाला.

रबर कालांतराने वाळते. उष्णता, हवेतील ओझोन आणि छपरालगतचा उन्हाळा यांमुळे त्याला भेगा पडतात आणि तार वाकवताच आवरण भुग्यासारखे गळून पडते. हे आवरण जागच्या जागी असेपर्यंत तार व्यवस्थित चालते. नवा दिवा लावण्यासाठी कोणी ती हलवली की बिघाड सुरू होतो. जुन्या घरात ‘कालच दुरुस्ती केली आणि आजच फ्यूज उडाला’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते. लाकडी केसिंगमध्ये वाळवी व उंदीर यांचा उपद्रव वेगळा. वाळलेले लाकूड, कोळिष्टके आणि उघडी तार एकत्र आल्यावर ठिणगीला जळण्यासाठी आणखी काही शोधावे लागत नाही.

पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंतच्या नियमित वापरासाठी असते. या मर्यादेपलीकडे तार सतत तापत राहिल्यास आवरण कडक व ठिसूळ होते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की निरोधक आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंते वापरतात तो एक ढोबळ नियम आहे.

ॲल्युमिनियमचा दोष तारेच्या लांबीत नसून टोकांत असतो. तांब्याच्या तुलनेत त्याचा विद्युत रोध सुमारे १.६ पट असतो, म्हणून तितक्याच प्रवाहासाठी तार जाड घ्यावी लागते. मात्र जाडी योग्य असली तरी ही धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते, गरम-थंड होताना तांब्यापेक्षा अधिक प्रसरण-आकुंचन पावते आणि हवेच्या संपर्काने तिच्यावर ऑक्साइडचा वीज न वाहणारा पापुद्रा चढतो. परिणामी काही वर्षांपूर्वी घट्ट आवळलेला स्क्रू कोणीही हात न लावता सैल होतो.

सैल जोड

घरगुती विद्युत आगींविषयी बोलताना ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द सर्रास वापरला जातो. वृत्तपत्रांत तर तो जवळजवळ ठरलेला खुलासा झाला आहे. पण फेज व न्यूट्रल तारांचा थेट स्पर्श ही अनेकदा घटनाक्रमातील शेवटची पायरी असते. त्याआधी आठवडे किंवा महिने कोठेतरी एक सैल जोड तापत असतो, तो आवरण वितळवतो आणि मग तारा एकमेकींना टेकतात.

जोडातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सॉकेटच्या मागील एका सैल स्क्रूचा रोध केवळ ०.२ ओहम आहे असे मानले, तर १ अँपिअर प्रवाहाला तेथे ०.२ वॅट उष्णता निर्माण होईल आणि ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्याच सॉकेटवर २ किलोवॅटचा गिझर लावल्यास प्रवाह सुमारे ९ अँपिअर होतो व उष्णता १६ वॅटच्या पुढे जाते. रेडिओ दुरुस्त करणारे जी लहान डाग देण्याची इस्त्री वापरतात तिची शक्ती साधारण २५ वॅट असते. तिच्याशी तुलना होऊ शकेल असा तापलेला ठिपका बंद खोक्यात, लाकडी बोर्डाच्या मागे, रोज तासभर पेटलेला राहतो. या ठिकाणी प्रवाह वाजवीपेक्षा जास्त नसल्यामुळे कोणताही फ्यूज उडत नाही.

सैल जोडाच्या खुणा मात्र ओळखता येतात. पंखा लावल्यावर दिवा क्षणभर लुकलुकतो, बटण दाबताना चरचर ऐकू येते, प्लग काढताना पिना हाताला चटका देतात, बोर्डाचा पांढरा भाग पिवळट-तपकिरी पडतो. माशाच्या वासासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास ही बरीच पुढची अवस्था असून तेव्हा मेन स्विच बंद करून मगच कारण शोधावे लागते.

वाढलेला भार

आजच्या मध्यमवर्गीय घरात २ किलोवॅटचा गिझर, सुमारे १,६०० वॅट घेणारे दीड टनी वातानुकूलन यंत्र आणि १,००० वॅटची इस्त्री एकाच वेळी चालू असणे ही सकाळची सामान्य स्थिती आहे. ही बेरीज ४,६०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला २० अँपिअर होते. पूर्वीच्या १ अँपिअरच्या तुलनेत हा प्रवाह वीसपट आहे. मुख्य तार तीच राहिली असेल, तर तिच्यातील उष्णता चारशेपट होते.

जुने वायरमन तारांची जाडी एक-अठरा, तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस अशा जोडसंख्यांनी सांगतात. यांतील पहिला आकडा तारेतील पेडांची संख्या आणि दुसरा ब्रिटिश मोजपट्टीतील क्रमांक दाखवतो. क्रमांक जितका मोठा तितका पेड बारीक. एक-अठरा व तीन-बावीस या तारांचे छेदक्षेत्रफळ १.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास, तीन-वीसचे सुमारे २ आणि सात-वीसचे ४.६ चौरस मिलिमीटर भरते. दिव्यांच्या जोडणीसाठी एक-अठरा पुरेशी होती. गिझर वा वातानुकूलन यंत्रासाठी आज किमान २.५ आणि शक्यतो ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार मुख्य बोर्डापासून थेट ओढण्याची प्रथा आहे. भारतीय मानकांनुसार दिवे-पंख्यांच्या एका उपमंडलावर १०पेक्षा अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा. जुन्या घरांत मात्र मोठ्या सॉकेटला लागणारी वीज जवळच्या दिव्याच्या बोर्डातूनच घेतलेली आढळते. बाहेरून १६ अँपिअरचा सॉकेट दिसतो आणि आत एक-अठराची तार असते.

एका बाबतीत जुन्या घरांचा भार कमी झाला आहे. १०० वॅटच्या बल्बचे काम आता १० वॅटचा एलईडी दिवा करतो. त्यामुळे दिव्यांच्या जुन्या तारा, त्यांचे आवरण शाबूत असेल तर, पूर्वीपेक्षा निवांत असतात. खरा ताण सॉकेटच्या तारांवर आहे आणि मर्यादित पैशांत तारा बदलायच्या झाल्यास सुरुवात तेथून करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

वितळतार आणि एमसीबी

जुन्या बोर्डावरील चिनी मातीचा किटकॅट फ्यूज हे अत्यंत साधे आणि प्रामाणिक साधन आहे. कल्हई केलेल्या तांब्याची बारीक तार ठरावीक प्रवाहापलीकडे वितळते व मंडल तुटते. ५ अँपिअरसाठी सुमारे ०.२ मिलिमीटर व १५ अँपिअरसाठी सुमारे ०.५ मिलिमीटर व्यासाची तार लागते. अडचण अशी की ही तार घरातील कोणालाही बदलता येते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागला की दुहेरी तार, मग तारेचा जाड तुकडा आणि शेवटी एखादा खिळा किंवा केसांचा आकडाही त्या जागी बसवला जातो. त्यानंतर फ्यूज उडत नाही, पण फ्यूजऐवजी आता भिंतीतील तार वितळणार असते. योग्य तार असतानाही असा फ्यूज त्याच्या अंकित प्रवाहाच्या जवळपास दुप्पट प्रवाहालाच वितळतो. म्हणजे १५ अँपिअरचा फ्यूज २० अँपिअर प्रवाह दीर्घकाळ निमूटपणे वाहू देतो.

फ्यूजच्या जागी एमसीबी बसवणे हा चांगला उपाय आहे, पण त्यातून एक नवा गैरसमज रुजला आहे. एमसीबीचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवायचा असतो, उपकरणावरून नव्हे. एक चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला, तर तो जाड तारेच्या किटकॅटइतकाच निरुपयोगी असतो. फक्त तो दिसायला नवा असल्यामुळे घरच्यांचा त्यावर विश्वास अधिक बसतो. रंगरंगोटीच्या वेळी बोर्ड व स्विच बदललेल्या अनेक घरांत भिंतीतील तारा मूळच्याच राहतात.

फ्यूज किंवा एमसीबी माणसाला धक्क्यापासून वाचवत नाही, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहणे आवश्यक आहे. एका हाताने फेज तारेला स्पर्श झालेल्या, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हात सोडवता येत नाही आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे, स्पर्श काही काळ टिकल्यास, हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. ५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने २३० मिलिअँपिअर म्हणजे एका लहान बल्बाचा भार. तो वितळण्याचे काहीच कारण नसते.

भूसंपर्कन

भूसंपर्कन, म्हणजे बोलीभाषेतील अर्थिंग, हा जुन्या घरांचा सर्वांत दुर्बळ भाग आहे. उपकरणाच्या धातूच्या कवचाला आतून फेज तार टेकली तर प्रवाहाला जमिनीकडे जाण्यासाठी कमी रोधाचा मार्ग मिळावा, त्यातून एवढा मोठा प्रवाह वाहावा की फ्यूज तत्काळ उडावा, हा त्याचा हेतू असतो. त्यासाठी इमारतीच्या आवारात खड्डा खणून त्यात लोखंडी नळी किंवा पत्रा पुरतात व भोवती कोळसा आणि मीठ भरतात. तेथून निघणारी तार प्रत्येक सॉकेटच्या वरच्या, मोठ्या छिद्रापर्यंत अखंड पोहोचली पाहिजे.

जुन्या घरांत ती बहुधा पोहोचत नाही. सॉकेट तीन पिनांचा असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे काहीच जोडलेले नसते. काही घरांत अर्थची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. पूर्वी ही युक्ती काही अंशी चालून जाई, कारण नळ जमिनीत दूरवर गेलेला असे. नळदुरुस्तीच्या वेळी त्याचा मधला तुकडा प्लास्टिकचा झाला की अर्थ नाहीसा होतो, पण वरच्या बाजूची धातूची तोटी मात्र उपकरणांच्या कवचांना जोडलेलीच राहते. मग एका घरातील वॉशिंग मशीनचा दोष दुसऱ्या घरातील मोरीच्या नळाला जाणवतो. चाळीत ‘नळाला झिणझिण्या येतात’ ही तक्रार आली की प्लंबर व वायरमन एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यात दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

खड्डा असूनही उपयोग होत नाही असेही घडते. मीठ विरघळून जाते, नळी गंजते, जोड तुटतो, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते. कोकणातील जांभ्या दगडाच्या जमिनीत हा फरक ठळकपणे जाणवतो. समजा अर्थचा रोध वाढून ५० ओहम झाला आणि गिझरच्या कवचाला फेज तार टेकली. प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर होईल. या प्रवाहाला १५ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही. कवचावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टचा दाब तसाच राहील आणि अर्थ आहे या समजुतीने माणूस त्याला हात लावील. या अवस्थेत जमिनीत सुमारे १ किलोवॅट शक्ती सतत वाया जात असते, म्हणजे दिवसाला २५ युनिट. वीजबिल अचानक वाढल्यावर मीटर सदोष असल्याची तक्रार करण्यापूर्वी ही शक्यता तपासण्याजोगी आहे. घरातील सर्व बटणे बंद करून, प्लग काढून, केवळ मेन स्विच चालू ठेवल्यावरही मीटरवरील दिवा लुकलुकत राहिला, तर प्रवाह कोठेतरी गळतो आहे असे समजावे.

सर्वांत घातक पळवाट म्हणजे सॉकेटच्या अर्थ छिद्राला मागच्या बाजूने न्यूट्रल तार जोडणे. टेस्ट लॅम्प लावल्यास फेज व अर्थ यांदरम्यान तो झकास पेटतो आणि ग्राहकाला अर्थ मिळाल्याचे समाधान लाभते. परंतु मागे कोठे न्यूट्रलचा जोड तुटला, तर चालू उपकरणामधून फेजचा दाब न्यूट्रलवर येतो आणि तेथून थेट फ्रिजच्या दारावर. उपकरणात काहीही दोष नसताना त्याचे कवच जिवंत होते.

भूसंपर्कनातील उणीव भरून काढण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आरसीसीबी. व्यवहारात याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. हे साधन फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह माणसातून वा ओल्या भिंतीतून जमिनीकडे निसटला, की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. अर्थ नसलेल्या घरातही ते काम करते, मात्र तेथे गळतीला वाट माणसाच्या स्पर्शानेच मिळत असल्यामुळे क्षणभर धक्का बसतो. एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेल्या माणसाला ते वाचवू शकत नाही आणि जादा भारापासूनही संरक्षण देत नाही. त्यासाठी एमसीबी हवाच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांनी गळती-संरक्षक साधन ५ किलोवॅट व त्यावरील जोडण्यांना आवश्यक केले होते. त्यामुळे कमी भाराची कित्येक जुनी घरे या अटीबाहेर राहिली. या विनियमांची जागा पुढे २०२३च्या विनियमांनी घेतली.

जुन्या घरात आरसीसीबी बसवताच ते वारंवार पडू लागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ओलसर भिंतींतील तारांची सूक्ष्म गळती एकत्र येऊन ३० मिलिअँपिअरच्या जवळ पोहोचते, किंवा पूर्वीच्या कोणा वायरमनने एका मंडलाचा फेज व दुसऱ्याचा न्यूट्रल घेऊन दिवा जोडलेला असतो. अशा वेळी साधन ‘खराब’ ठरवून ते वगळून तारा थेट जोडल्या जातात. वास्तविक ते साधन घरातील दोष बिनचूक दाखवत असते. एकेक मंडल सोडवून दोष शोधायला वायरमनला अर्धा दिवस लागतो, आणि ती मजुरी देण्याची तयारी बहुधा नसते.

न्यूट्रल व रंगांचा घोळ

फार जुन्या बोर्डांवर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांत स्वतंत्र फ्यूज आढळतात. न्यूट्रलमधील फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेजचा दाब कायम असतो आणि वीज गेली असे समजून बल्ब काढणाऱ्याला धक्का बसतो. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी भूसंपर्कित न्यूट्रलमध्ये असा एकेरी फ्यूज किंवा स्विच घालण्यास मनाई केली, तरी त्याआधीचे बोर्ड अनेक ठिकाणी टिकून आहेत. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवल्यास हाच धोका उद्भवतो.

भारतातील जुन्या जोडणीत लाल, पिवळा व निळा हे तीन फेजचे, काळा न्यूट्रलचा व हिरवा अर्थचा रंग आहे. आधुनिक उपकरणांच्या वायरीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. त्यामुळे जुन्या इमारतीच्या मुख्य वाहिनीतील निळी तार फेज असते व उपकरणातील निळी तार न्यूट्रल. रंगावर विसंबून जोडणी करणे येथे जिवावर बेतू शकते.

इमारतीला येणारा पुरवठा तीन फेजचा असून निरनिराळे मजले वेगवेगळ्या फेजवर असतात, न्यूट्रल मात्र सामाईक असतो. मीटरखोलीतील हा सामाईक न्यूट्रल सुटला, तर काही घरांत दिवे मंदावतात व काहींत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. शेजाऱ्याचे दिवे मिणमिणत असताना आपल्याकडील दिवे अचानक प्रखर झाले, तर तो शुभशकुन नव्हे. अशा वेळी मेन स्विच तत्काळ बंद करणे इष्ट असते.

पावसाळा

महाराष्ट्रात या अपघातांना ऋतूचा संदर्भ आहे. गच्चीतून वा कौलांतून झिरपलेले पाणी भिंतीतील नळ्यांच्या वाटेने थेट स्विचबोर्डात उतरते. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर भिंत वाळेपर्यंत त्या मंडलाचा पुरवठा बंद ठेवणे हाच मार्ग उरतो. पत्र्याच्या घरांत व बैठ्या चाळींत आणखी एक कारण वारंवार दिसते. खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहते, तिचे आवरण कापले जाते आणि पत्र्याला बांधलेल्या कपडे वाळत घालण्याच्या लोखंडी तारेत वीज उतरते. ओले कपडे, ओले हात आणि बहुधा अनवाणी पाय. कपडे वाळत घालण्यासाठी तारेऐवजी नायलॉनची दोरी वापरल्यास हा धोका जवळजवळ संपतो. पाणी तापवण्याचा विजेचा रॉड धातूच्या बादलीत टाकून पाण्यात बोट घालून पाहणे ही अशीच एक घातक सवय आहे.

जबाबदारीचा प्रश्न

वीजपुरवठादाराची जबाबदारी साधारणतः मीटरपर्यंत असते. त्यापुढील जोडणी ग्राहकाची मानली जाते. मुंबईतील जुन्या इमारतींत सर्व मीटर तळमजल्यावर, बहुधा लाकडी जिन्याखाली, एकत्र बसवलेले असतात आणि तेथून प्रत्येक खोलीपर्यंत तारा जिन्याच्या भिंतीवरून वर चढतात. इमारतीतील सर्वांत जुन्या तारा अनेकदा याच असतात, कारण घराचे नूतनीकरण करणारा आपल्या उंबरठ्याच्या आतच काम करतो. त्या पेटल्या, तर बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग धुराने भरतो. जिन्याखाली रचलेल्या जुन्या सायकली, गाद्या व रद्दी यांमुळे धोका आणखी वाढतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी सांभाळणे हे संस्थेचे काम आहे. पागडी पद्धतीच्या इमारतींत परिस्थिती गुंतागुंतीची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मालकावर जागा वापरण्याजोगी ठेवण्याचे कर्तव्य घालतो, पण जुन्या भाड्याच्या रकमेत दुरुस्ती परवडत नाही असे मालक म्हणतात आणि मालमत्ता आपली नसल्याने खर्च का करावा असा प्रश्न भाडेकरू विचारतात. मुंबई शहर बेटावरील अशा इमारतींसाठी दुरुस्ती उपकर लागू झाला तेव्हा, १९६९ मध्ये, त्यांची संख्या १९,६४२ होती. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती अ वर्गात, १९५०अखेरपर्यंतच्या ब वर्गात व ३० सप्टेंबर १९६९पर्यंतच्या क वर्गात मोडतात. म्हणजे यांतील सर्वांत ‘नवी’ इमारतही आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. दुरुस्ती मंडळाचे लक्ष स्वाभाविकपणे कोसळू शकणाऱ्या तुळया, गॅलऱ्या व शौचालयांकडे असते.

तपासणी

जुन्या जोडणीची परीक्षा केवळ पाहून होत नाही. परवानाधारक विद्युत कंत्राटदार मेगर या उपकरणाने ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन तारा व जमीन यांमधील निरोधन रोध मोजतो. तो किमान १ मेगाओम असावा. ही चाचणी करताना इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून ठेवावी लागतात. अर्थची अखंडता व त्याचा रोध यांचे मोजमाप वेगळे करतात. घरगुती जोडणीसाठी आयएस ७३२ आणि भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आधारभूत आहेत. निऑनचा टेस्टर पेटला म्हणजे दाब आहे एवढेच साधारणतः समजते. तो पेटला नाही म्हणून तार निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहावे. गिझर व इस्त्रीचा वापर झाल्यावर प्लगला हात लावून तो किती तापला आहे याचा अंदाज घ्यावा. अर्थची पिन काढून टाकलेले प्लग व एकात एक खोवलेले मल्टिप्लग बाद करावेत. सर्व तारा एकदम बदलणे शक्य नसल्यास प्रथम आरसीसीबी, मग अखंड अर्थ, त्यानंतर जड उपकरणांच्या स्वतंत्र तारा आणि शेवटी दिव्यांची मंडले असा क्रम बहुतेक घरांना लागू पडतो. दगडमातीच्या भिंती फोडणे इष्ट नसलेल्या वाड्यांत पीव्हीसी केसिंगमधून भिंतीवरूनच तारा नेता येतात. त्या दिसायला ओबडधोबड असल्या, तरी तपासायला सोप्या पडतात.

अपघात झाल्यास

धक्का बसलेल्या व्यक्तीला हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करतात. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने तिला तारेपासून दूर करतात. श्वास वा नाडी थांबली असल्यास छातीवर दाब देण्याची प्राथमिक प्रक्रिया लगेच सुरू करावी लागते. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ व अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक आहेत. वीज चालू असलेल्या ठिकाणच्या आगीवर पाणी टाकत नाहीत. कोरडी भुकटी किंवा कार्बन डायऑक्साइड असलेले अग्निशामक वापरतात. धक्क्यानंतर माणूस उठून बसला व बरा दिसला, तरी हृदयाच्या लयीतील बिघाड उशिराही उद्भवू शकत असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेऊन हृदयालेख काढून घेतात.